घरी पेशंट सांभाळणाऱ्या मावशींवर कॅमेरा ठेवावा का?

अंगणवाट:
बाबांना पक्षाघात होऊन सात महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं मात्र सगळं. दिवसा एक मावशी येतात, रात्री दुसऱ्या. अंघोळ, डायपर, कुशीवर वळवणं, भरवणं त्याच करतात. भावाने पहिल्याच आठवड्यात खोलीत कॅमेरा लावला आणि आम्हा दोघांच्या फोनवर ॲप टाकलं. मागच्या महिन्यात बाबांच्या माकडहाडावर जखम निघाली, बोटाचं पेर जाईल एवढी खोल. कॅमेरा सात महिने चालू होता आणि ती जखम कधी सुरू झाली हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

कॅमेऱ्याने आम्हाला गाफील केलं असं माझं मत झालंय. बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या अशा जखमेची, सुरुवात म्हणजे हाडावरच्या कातडीची लाली, जी बोटाने दाबली तरी फिकी पडत नाही. ती बघायला डायपर उघडावा लागतो, पेशंटला कुशीवर घेऊन उजेडात बघावं लागतं. सावळ्या कातडीवर तर लाली नीट दिसतही नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागते, हे हातालाच कळतं. आम्ही दिवसातून पंचवीस वेळा फोन उघडत होतो ते मावशी मोबाइलवर बोलत तर नाहीत ना, एवढ्यासाठी. सात महिन्यांत बाबांची पाठ मी एकदाही उघडून बघितली नव्हती. लिहितानाही लाज वाटते.

दुसरं म्हणजे, आयुष्यभर दाराला कडी लावून अंघोळ केलेला हा माणूस. आता त्यांचं स्पंजिंग चाललेलं असताना भाऊ ऑफिसात बसून बघू शकतो. मावशी त्यांचे कपडे काढतात तेव्हा कॅमेरा बंदच असला पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. त्यापेक्षा घरच्या माणसाने रोज एकदा स्वतः कातडी बघावी, वहीत लिहावं, आणि मावशींना नीट शिकवणारं कोणीतरी आणावं. भावाला हे पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता:
मला अजिबात पटलं नाही. माझ्या आईला डिमेन्शिया होता. हातावर निळे वळ दिसायचे. विचारलं की "पलंगाच्या कठड्याला लागलं". ब्यूरोत फोन केला तर तेच उत्तर, वर "बाई जुनी आहे, विश्वासातली आहे". शेवटी कोणाला न सांगता कॅमेरा लावला. तिसऱ्या दिवशी दिसलं. डायपर बदलताना आई हात मध्ये आणायची, म्हणून ती बाई तिचा हात पिरगाळून पाठीखाली दाबून ठेवत होती. आई सांगू शकत नव्हती. रोज चार वेळा डायपर, म्हणजे रोज चार वेळा हे.

ज्या दहा मिनिटांत तुम्ही कॅमेरा बंद करायला सांगताय, नेमक्या त्याच दहा मिनिटांत. बाकी दिवसभर ती बाई आईचे केस विंचरायची, गप्पा मारायची. फक्त तेवढंच रेकॉर्ड झालं असतं तर मी तिला देवमाणूस म्हटलं असतं. अब्रू जपायची म्हणून पडदा ओढणार आणि त्या पडद्याआड हात मोडणार असेल, तर मला ती अब्रू नको.

निळाई:
स्पष्टवक्ता यांच्याशी सहमत, पण लपवलेल्या कॅमेऱ्याशी नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याने २००१ मध्येच नर्सिंग होममधल्या खोल्यांसाठी कायदा केला. कॅमेरा लावायचा हक्क तिथे राहणाऱ्याचा. खोलीत दुसरं कोणी राहत असेल तर त्याची संमती लागते, आणि खोलीच्या दारावर ठळक सूचना लावावी लागते. घरात हे का जमू नये? पहिल्याच दिवशी मावशींना कॅमेरा दाखवायचा आणि कोण बघतं ते सांगायचं.

रात्रपाळी:
मी अकरा वर्षं हेच काम करतेय. टाइप मुलगी करून देतेय.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. एका घरी पेशंट पडले तेव्हा घरच्यांनी मला धारेवर धरलं. कॅमेऱ्यात दिसलं की मी औषध आणायला वळले तेव्हा ते स्वतः उठले, आणि मी धावत जाऊन त्यांचं डोकं धरलं. त्या दिवशी कॅमेऱ्यानेच माझं काम वाचवलं. पण दुसऱ्या एका घरी चोवीस तासांची ड्युटी होती. झोपायचं पेशंटच्याच खोलीत, कपडेही तिथेच बदलायचे. कॅमेरा पलंगाकडे होता आणि माझी गादी पलंगाच्या शेजारी. कॅमेरा थोडा वळवा म्हटलं तर विचारलं, "काय लपवायचंय?" महिना कसाबसा काढला.

आता जखमेबद्दल. पेशंट खाली घसरतात, त्यांना वर सरकवावं लागतं. खाली आडवी चादर घालून दोन बाजूंनी दोघांनी धरून उचललं तर कातडी घासत नाही. एकटीने करायचं तर ओढावंच लागतं. दुसरं कोणी हाताशी आहे का म्हणून मी हाक मारते, तर घरातलं माणूस बाहेरच्या खोलीत बसून मला फोनवर बघत असतं. रात्री दर दोन तासांनी उठून ऐंशी किलोच्या माणसाला वळवते. पहाटे डुलकी लागली की लगेच फोन येतो. त्याआधीचे वीस तास कोणी मागे जाऊन बघत नाही.

ग्लोव्हज मागितले की दिवसाला एक जोडी मिळते. त्याच हातांनी डायपर आणि त्याच हातांनी भरवायचं का? मी हात धुऊन करते, पण सगळ्याच करत असतील असं मी सांगू शकत नाही.

स्पष्टवक्ता, तुमच्या आईचं वाचून फार वाईट वाटलं. तसल्या बाईला या कामात ठेवूच नये. तिच्यामुळे आमच्याकडेही लोक त्याच नजरेने बघतात.

तिसरी_घंटा:
रात्रपाळी यांनी लिहिलेलं चोवीस तासांच्या ड्युटीचं गांभीर्याने घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठी २०११ चा करार आहे, क्रमांक १८९. घरात राहून काम करणाऱ्यांचा खासगीपणा जपला जावा आणि आठवड्यातून किमान सलग २४ तास विश्रांती मिळावी, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. न झोपलेल्या बाईच्या हाती कॅथेटर (लघवीची नळी) आणि औषधं द्यायची आणि वर कॅमेरा बसवायचा, याला मी सुरक्षितता म्हणणार नाही.

जुनी_परिचारिका:
रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर घरोघरी मावशींना शिकवायला जाते, म्हणून थोडं लांब लिहिते.

अंगणवाट, रोज कातडी बघा हे अगदी बरोबर. माकडहाड, टाचा, कुशीवर झोपवत असाल तर खुब्याचं हाड आणि घोटे, डोक्याची मागची बाजू. लाली दिसली की लोक तिथे तेल लावून चोळतात. ते मुळीच करू नका, आतलं मांस आणखी दुखावतं. मधोमध भोक असलेली रबरी रिंग खाली देऊ नका, तिच्या कडेने रक्तप्रवाह अडतो. एअर मॅट्रेस आली म्हणून वळवणं थांबत नाही. बेडसोरचा धोका मोजायला १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेलं ब्रेडन मापन आजही वापरतात. त्यात सहा गोष्टी बघतात: जाणीव, ओलसरपणा, चालणंफिरणं, स्वतः कूस बदलता येणं, आहार, आणि घासणं-ओढलं जाणं. यातल्या कॅमेऱ्यात किती दिसतात ते बघा. डायपर किती वेळ ओला राहिला हेसुद्धा त्याच्यात कळत नाही.

अंघोळीच्या पाण्याचंही तसंच. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजते, वयस्कर माणसाची त्याहूनही लवकर. पक्षाघात किंवा जुना मधुमेह असलेल्या पेशंटला चटका जाणवतच नाही, मग तो ओरडणार कसा? मावशींनी प्रत्येक वेळी आपल्या कोपराने पाणी बघायचं. ग्लोव्हज घातलेल्या हाताने नाही.

स्पष्टवक्ता, तुमच्या आईबद्दल एक सांगते, राग मानू नका. डिमेन्शियाच्या माणसाचे कपडे अचानक ओढले की तो हात मध्ये आणणारच, कारण त्याच्या दृष्टीने त्याच्यावर हल्ला होत असतो. आधी समोर येऊन सांगायचं, वरून टॉवेल पांघरायचा, हातात धरायला काहीतरी द्यायचं, लागेल तेवढाच भाग उघडायचा. हे शिकवलं की निम्मी झटापट थांबते. त्या बाईला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

स्पष्टवक्ता:
शिकवलं नव्हतं म्हणून हात पिरगाळला? माफ करा, हे मी ऐकून घेणार नाही. वळ उठेपर्यंत दाबू नये, हे शिकवायला प्रशिक्षण लागत नाही. तुम्ही सगळे मावशींची बाजू मांडताय. माझ्या आईची बाजू मांडायला फक्त तो कॅमेरा होता.

जुनी_परिचारिका:
तिने केलं त्याला मी क्षमा देत नाही. तिला काढलंत ते बरोबरच केलंत. त्यानंतर आलेल्या बाईला कोणी शिकवलं का, एवढंच मला विचारायचं होतं.

स्पष्टवक्ता:
नाही. कॅमेरा होता, म्हणून वाटलं पुरेसं आहे.

मोरपंख:
एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ ला २८ देशांमधल्या ५२ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. साठीच्या पुढच्या सहा जणांपैकी जवळपास एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारे गैरवागणूक मिळते, असं त्यातून निघालं. घराबाहेरून येणाऱ्या बायकाच ती देतात असं नाही, घरची माणसंही देतात. आमच्याच नात्यात एका आजोबांना त्यांचा मुलगा उपाशी ठेवायचा. त्यांच्याकडच्या मावशींनी ते शेजाऱ्यांना सांगितलं. कॅमेऱ्याचं ॲप त्या मुलाच्याच फोनवर होतं.

डावखुरा:
मी उजव्या हाताने लिहायचो. आता डाव्याने लिहितो, म्हणून हे नाव. मला पक्षाघात झाला तेव्हा चार महिने बोलता येत नव्हतं, अंगणवाट यांच्या वडिलांसारखंच. म्हणून या धाग्यावर लिहितोय. इथे आतापर्यंत त्या पलंगावर पडलेल्या माणसाने कोणी लिहिलेलं नाही.

माझ्या खोलीत कॅमेरा होता. मावशी मला उठवताना माझा ढिला पडलेला हात आणि काख धरून वर ओढायच्या. खूप मायेने, "चला दादा, उठा" म्हणत. बायको बघायची, मुलगा बघायचा, परदेशातली बहीणही बघायची. सगळे म्हणायचे, किती छान करतात. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, हात ओढला की खांदा सांध्यातून निसटायला लागतो. मला रात्ररात्र कळ यायची, आणि सांगता येत नव्हतं. सात-आठ आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट आल्या, त्यांनी एकदा उठवताना बघितलं आणि जागच्या जागी थांबवलं. तीन माणसांनी दोन महिने कॅमेऱ्यात तेच बघितलं होतं. खांदा अजून दुखतो.

तरी मी कॅमेरा नको म्हणणार नाही. रात्री एकटा असताना तो चालू आहे याचा मला आधार वाटायचा. श्वास अडला तर कोणीतरी बघेल, असं वाटायचं. अंघोळीच्या वेळी मात्र मी डोळे मिटून घ्यायचो. मावशींची लाज कधी वाटली नाही, त्या त्यांचं काम करत होत्या. भिंतीवरच्या त्या दिव्याची लाज वाटायची, कारण पलीकडे कोण आहे ते मला कळायचं नाही.

अंगणवाट, तुम्ही आणि तुमचा भाऊ भांडताय. वडिलांना सगळं समजतं असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना विचारलंत का?

अंगणवाट:
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायला तोंड नव्हतं. विचारलं नव्हतं.

आधी बाकीचं सांगते. जुनी_परिचारिका, तुम्ही सांगितलेल्या जागा रोज सकाळी मी स्वतः बघतेय. टाचांनाही लाली होती, ते कळलंच नव्हतं. आता पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवतो. रात्रपाळी, आडवी चादर घातली. सकाळी सरकवताना एका बाजूला मी असते, संध्याकाळी भाऊ. रात्रीच्या मावशींना एकटीने करावं लागू नये म्हणून आम्ही दोघं आळीपाळीने एकदा उठतो. स्पष्टवक्ता, अंघोळीत कॅमेरा बंद म्हणजे बंद, हे मी फार सहज लिहून गेले होते. तुमच्या आईचं वाचल्यावर तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. कपडे बदलताना घरातलं एक माणूस खोलीत असेल आणि हातभार लावेल, असं ठरवलंय. रोज चारही वेळा जमेल का, खात्री नाही.

काल संध्याकाळी भाऊ आणि मी बाबांजवळ बसलो. "हो" म्हणजे डोळे मिटायचे, "नाही" म्हणजे उघडे ठेवायचे, असं आमचं ठरलेलं आहे. रात्री कॅमेरा चालू ठेवायचा? मिटले. अंघोळीच्या वेळी? उघडे. भावाच्या फोनवर ॲप राहू दे? बराच वेळ थांबलो, उघडेच. माझ्या फोनवर? उघडे. आईच्या? लगेच मिटले.

भावाने तिथेच बसून दोन्ही फोनांवरून ॲप काढलं.