'राहू द्या हो'ला शब्द कोणता?

परवा शेअर रिक्षातून उतरताना फोन बंद पडलेला आणि पाकिटात पाचशेची एकच नोट. रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते. शेजारच्या काकांनी माझे वीस रुपये आपल्या पैशांबरोबर देऊन टाकले. "नंबर सांगा, घरी गेले की पाठवते," म्हटलं, तर "राहू द्या हो, त्यात काय!" आणि ते चालायलाही लागले.

घरी सांगताना मी अडले. काकांनी माझ्यावर 'उपकार' केले? वीस रुपयांना हा शब्द जड, शिवाय तो टोमण्यालाच जास्त लागतो ("उपकार कर आणि गप्प बस"). 'मेहेरबानी'चंही तेच. 'दया' म्हणावं तर मी काही दीनवाणी नव्हते. 'मदत' चुकीचा नाही, पण फार कोरडा. ओळख ना पाळख, तरी सहज केलेल्या अशा गोष्टीला शब्द कोणता?

— माणुसकी! आणि त्यातली 'की' बघा. पाटीलकी, गावकी, भावकी, माणुसकी. पाटीलकी वतनाने यायची, भावकी रक्ताने येते, गावकी गावात घर असल्याने. माणुसकीला नुसतं माणूस असणं पुरतं. म्हणून ती दिसते भावकीच्या बाहेर. सख्ख्या भावाला जेवू घातलं तर कुणी 'माणुसकी दाखवली' म्हणत नाही. म्हटलंच तर भाऊ रुसेल.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी अंधेरीहून बोरिवलीकडे चालत निघालो होतो. इमारतींच्या दारांत लोक पाणी, बिस्किटं घेऊन उभे होते. एका घरात रात्र काढली. तिथल्या बाई "आत या, पाय पुसा" एवढंच म्हणाल्या, नावसुद्धा विचारलं नाही. पुढे याला 'मुंबई स्पिरिट' म्हणायची टूम निघाली. मला ती कधी पटली नाही. शहराला काय श्रेय द्यायचं? चहा त्या बाईंनी केला होता.

— पुराला माणुसकी ठीक. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कुणी सरकून जागा देतं, त्याला काय म्हणाल?

— त्याला 'सरकणं' म्हणतात. तेही हल्ली दुर्मीळ.

— मला आभाराची बाजू जास्त रंजक वाटते. 'आभार' शब्दातच 'भार' ऐकू येतो, म्हणून तर घरच्यांना ते मानले की "मी काय परका आहे का?" असं ऐकावं लागतं. गोव्यात आमच्याकडे कोंकणीत म्हणतात 'देव बरें करूं'. म्हणजे फेड देवावर सोपवली, दोघं मोकळे. घाटावरच्या म्हाताऱ्या "भलं होईल रे लेकरा" म्हणतात, तेही याच जातीचं.

'उतराई'ही बघा. मराठीत उपकाराची फेड करून मोकळं होणं म्हणजे उतराई होणं. हिंदीत उतराई ही नावाड्याची मजुरी, पैलतीरी उतरवल्याची. रामचरितमानसातला केवट रामाकडून ती घेत नाही. तुमचे काका त्याच पंथाचे दिसतात.

— 'हातभार' का नको? डोक्यावर ओझं चढवताना दुसरा हात लावतो, तसं. विहिरीवर हंडा उचलून द्यायला ओळख लागत नाही.

— सगळ्यांचे आभार (भारासकट). 'हातभार' आवडला, पण तो 'लावावा' लागतो, म्हणजे थोडं ठरवून आलेला. काकांनी ठरवलं वगैरे काही नव्हतं. 'राहू द्या', 'असू दे', 'त्यात काय' हीच आपली आभाराला द्यायची उत्तरं. फोनमधलं भाषांतर तिथे 'तुमचे स्वागत आहे' म्हणतं, तेव्हा कुणाच्या तरी दारात उभं असल्यासारखं वाटतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "भला माणूस भेटला म्हण, झालं." मग लक्षात आलं की आपण अशा वेळी केलेल्या गोष्टीला नाव देतच नाही, करणाऱ्याला देतो: भला माणूस, देवमाणूस, देवासारखा धावून आला. वीस रुपयांसाठी देवमाणूस जरा जास्त होतं. भला माणूस बरोबर बसतं.