मदत हवी आहे: सव्वाचार वर्षांची लेक, खडू अजून मुठीत

लेक काही महिन्यांत मोठ्या शाळेत जाईल. बोलणं, गोष्टी, उड्या सगळं झकास. अडतं ते बोटांपाशी. खडू मुठीत धरते, रेघ इतकी फिकी की कागद उजेडात धरून बघावा लागतो. दोन मिनिटांत "हात दुखला". काल बटण लावत होती. काजात अर्धं घातलं, पण पलीकडून ओढायला दुसरा हात पुढे आलाच नाही. मग "तूच लाव". कात्री धरली की कोपर पंखासारखं वर.

ठिपके जोडायची पुस्तकं आणली होती (घाई माझीच), आता ती पलंगाखाली दडवली जातात. गोल काढते, अधिकचं चिन्ह जमतं, चौकोनाचे कोपरे मात्र गोलच राहतात. कधी उजवा हात, कधी डावा.

लिहायला बसवत राहू की थांबू? आणि कुणाला दाखवायची वेळ आली हे कसं ओळखायचं? "होईल आपोआप" सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १

बालवर्गाला शिकवते, त्यावरून सांगते. पुस्तकं पलंगाखालीच राहू द्या. चौकोन बऱ्याच मुलांना साडेचार-पाचच्या सुमारास जमतो, त्रिकोण त्याही नंतर. मनगटातली 8 हाडं या वयात अजून पूर्ण तयारही झालेली नसतात.

खडू मोडा, मुद्दाम. पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. कागद भिंतीला चिकटवून उभ्यानं चित्र काढू द्या. मनगट आपोआप योग्य वळतं, खांद्यालाही काम मिळतं. कात्रीला पातळ कागद नको, जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या द्या, एका कापात तुकडा पडेल अशा. "अंगठा आभाळाकडे" एवढंच म्हणा, कोपर खाली येतं. बटण अर्ध्याहून जास्त तुम्ही घाला, शेवटचं ओढणं तिचं. कपड्यांचे चिमटेही खेळायला द्या.

हात बदलण्याची काळजी आत्ता नको, वस्तू मधोमध ठेवा आणि कुठला हात पुढे येतो ते बघा. पण एक हात ती कायम टाळत असेल, येत असलेलं विसरत असेल किंवा दोन-तीन महिने खेळूनही काहीच हललं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) जा.

धागाकर्ती

खडू मोडले. निळ्यासाठी दहा मिनिटं रडारड झाली. मग त्याच तुकड्यानं भिंतीवरच्या कागदावर पाऊस काढला, चिमटीत धरून. थोडा भिंतीवरही पडलाय. तो निघतो कशानं?