गेटमनच्या मुलीचा जुना पिक्चर, नाव कुणाला माहीत आहे काय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी, आमची आज्जी खानापूरकडची, नव्वदीच्या पुढं आहे. परवा दुसऱ्या गेटला गाडी थांबली तर एकदम सांगायला लागली की लग्नाआधी जत्रंत तंबूत एक हिंदी पिक्चर बघितला होता, त्यात असंच रेल्वे गेट, गेटमनची पोरगी आणि बामण दुकानदाराचा पोरगा, लहानपणापासनं एकमेकांवर जीव, आणि शेवटी पोरगी रेल्वेखाली जाते. झाडापाशी दोघं चिमणीचं गाणं म्हणतात एवढंच आठवतंय तिला. नाव सांगा की ओ कुणीतरी.

निपाणीचा पाहुणा:
'अछूत कन्या' ओ! बॉम्बे टॉकीज, १९३६. देविका राणी आणि अशोक कुमार, गाणी त्यांनी स्वतःच म्हटल्यात, संगीत सरस्वती देवींचं. गंमत बघा, पिक्चर पण असाच सुरू होतो, रात्री गेटला एक मोटार थांबते आणि बाजूच्या त्या पोरीच्या देवळीवरनं सगळी गोष्ट उलगडते. मला तर प्रेमापेक्षा दोन बापांची दोस्ती जास्त लागली. दुकानदार मोहनला साप चावतो तेव्हा गेटमन दुखिया तोंडानं विष ओढून काढतो, मग तोच दुखिया तापानं फणफणला म्हणून मोहन त्याला घरात घेतो तर गाव त्याचं घर पेटवतं. जीव वाचवताना शिवलेलं चालतं आणि उंबऱ्याच्या आत आलेलं चालत नाही, हे बघून मी पिक्चर थांबवून बसलो होतो.

वडगाव गल्ली:
पिक्चर मोठा आहे पण शेवट मला अजून पटत नाही. दुकानदाराच्या पोराचं, प्रतापचं लग्न दुसरीकडं, गेटमनच्या पोरीचं, कस्तुरीचं मन्नूशी, चूक कुणाचीही असो मरायचं तिनंच आणि मग तिचीच देवळी बांधायची. घर पेटवणाऱ्यांना कोण विचारतंय? आमच्याकडं पण अशी लग्नं मोडलेली बघितलोय मी, म्हणून राग येतो.
आणि देविका राणी नंतर बेंगळूरलाच राहिल्या बरं का, पहिला फाळके पुरस्कार त्यांनाच.

टिळकवाडीकर:
लई आभार. काल रात्री मोबाईल टीव्हीला जोडून लावला. आवाज खरखरतोय, पण चिमणीचं गाणं लागल्याबरोबर आज्जी म्हणायला लागली, शब्द सगळे पाठ! वडगाववाले, तुमचं तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, तेव्हा तंबूत सगळ्या बायका रडत होत्या, पण घरी जाऊन कुणी तोंड उघडलं नाही.