एपीटी मागितलं, स्नॅप का वाढलं?

उद्यमनगरकर
काल दुसऱ्या धाग्यावर 'रंकाळाकाठ' यांनी लिहिलं, "स्नॅपला नावं ठेवणारे अजून बैलगाडीतच बसलेत. बदलायला दहा मिनिटं लागतात." त्या दहा मिनिटांत माझे तीन दिवस गेले, म्हणून जरा लांबण लावतोय. नवख्यांसाठी: उबंटू या लिनक्स प्रणालीवर प्रोग्रॅम बसवायची जुनी पद्धत एपीटी, आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या बंद डब्यात ठेवणारी नवी पद्धत स्नॅप.

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीची 14 मशीन्स मी सांभाळतो. उबंटू 20.04 ची मुदत 2025 च्या मे महिन्यात संपली, म्हणून शनिवारी रात्री बसून सगळी 22.04 वर नेली. सोमवारी सकाळी डिस्पॅचमधून फोन: चलन निघत नाही. त्यांचा जुना प्रोग्रॅम चलनाचं पान टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये टाकतो, ते फायरफॉक्समध्ये उघडतं, तिथून प्रिंट. फायरफॉक्स म्हणतो फाइल नाही. टर्मिनलमध्ये बघतोय तर फाइल ढळढळीत समोर! अर्धा दिवस परवानग्या तपासण्यात घातला, मग डोक्यात प्रकाश पडला. अपग्रेडनं जुना फायरफॉक्स काढून स्नॅपचा बसवला होता, आणि स्नॅपचा टेम्प त्याचा स्वतःचा असतो. बाहेरचा त्याला दिसतच नाही. तोवर गेटवर दोन ट्रक उभे, आणि सुपरवायझर हातानं चलन लिहिता लिहिता माझ्याकडे बघतोय.

बरं, एपीटीनं फायरफॉक्स टाकायला जावं तर तिथं नुसतं नावाचं पॅकेज. तेही मागच्या दारानं स्नॅपच आणतं. नवीन पद्धत आणायला माझी ना नाही. पण तांबडा मागितल्यावर पांढरा वाढायचा आणि वर "रस्साच आहे की" म्हणायचं, हे नको.

रंकाळाकाठ
टेम्पमध्ये चलन ठेवणं म्हणजे रंकाळ्याच्या कठड्यावर पाकीट ठेवून फिरायला जाणं. चूक प्रोग्रॅमची. होममध्ये साधा फोल्डर करा, नावाआधी टिंब नको, स्नॅपला दिसतो. आणि टेम्प वेगळा आहे तो तुमच्याच भल्यासाठी. ब्राउझरमधून काही घुसलं तर बाकीच्या फाइलींना हात लागू नये म्हणून. शिवाय नवी आवृत्ती आली की प्रत्येक उबंटूसाठी वेगळं पॅकेज बांधत बसायला नको. आणि साहेब, 14 मशीन्स एका रात्रीत? एकावर आधी बघितलं नाही?

उद्यमनगरकर
बघितलं होतं. अकाउंट्सच्या मशीनवर. तिथं चलनाचं कामच नसतं, म्हणून कळलं नाही. ही माझी चूक, मान्य. खूश?

प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा पुण्याला गेला, सोर्स कोड कुठंय कुणाला ठाऊक नाही. फोल्डर बदलणार कोण?

खासबागचा पैलवान
भावा, तुमचं चलन हातानं तरी लिवता आलं. माझं मराठीच गेलं की! अपग्रेड झाल्यापासनं सगळीकडं इनस्क्रिप्ट, आपला मराठी कीबोर्ड, चालतंय, फक्त फायरफॉक्समधी चालंना.

रंकाळाकाठ
इनस्क्रिप्ट अजून वापरतं कोण? फोनेटिक घ्या. जसं बोलता तसं टाइप होतं.

छापखाना
झालं, निघाला विषय! मी राजारामपुरीत वीस वर्षं लग्नपत्रिका करते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडवर आले तेव्हा सगळ्या पत्रिका पुन्हा टाइप केल्या, तेव्हा स्थलांतराचं मला शिकवू नका. फोनेटिकवाल्या मुलांनी दिलेला मजकूर तपासताना डोळे जातात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आठवड्यात बोटं बसतात.

रंकाळाकाठ
ताई, आठवडा कुणाकडे आहे? मी सह्याद्रीच्या दर्या पालथ्या घालून येतो आणि फोनवर फोनेटिकमध्येच सगळं लिहितो. काही अडत नाही.

छापखाना
अडलंय. दर्या म्हणजे समुद्र. सह्याद्रीत असतात त्या दऱ्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र दाबला की हा ऱ मिळतो. एका पत्रिकेत 'सुनेच्या सासर्यांकडून' छापलं गेलं, पाचशे प्रती रद्दीत. पैसे मी भरले.

खासबागचा पैलवान
ताईंनी चितपट केलं! नाद खुळा!

रंकाळाकाठ
धागा पॅकेजचा आहे की शुद्धलेखनाचा? मुद्दा संपला की र वर घसरायचं, ही जुनी खोड आहे लोकांची.

छापखाना
खोड? 'दहा मिनिटांत होतं' म्हणणाऱ्यानं निस्तरलेलं कधी बघितलंय का? निस्तरायला आम्ही असतो.

शिरोली नाका
भांडा निवांत. उद्यमनगरकर, एपीटी सोडायची गरज नाही. 2024 च्या जानेवारीपासून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचीच एपीटी रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजचं कोठार, आहे. ती जोडा आणि एपीटीच्या प्रेफरन्सेसमध्ये तिचं प्राधान्य 1000 करा, नाहीतर पुढच्या अपडेटला स्नॅप परत डोकावेल. मग स्नॅप काढून टाका. काढण्याआधी बुकमार्क बाहेर घ्या, प्रोफाइल स्नॅपच्या फोल्डरमध्ये असतं.

बाकी, हे नवीन नाही. क्रोमियम ब्राउझरचंही उबंटूनं असंच पोकळ पॅकेज केलं होतं, त्यावरून उबंटूवर बेतलेल्या लिनक्स मिंटवाल्यांनी 2020 मध्ये स्नॅपला दारच बंद केलं. पण डेबियन या दुसऱ्या लिनक्सला जाऊन सुटाल असंही समजू नका. डेबियन 12 वर पिपनं (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) सरळ काही टाकायला गेलात की 'हे बाहेरून सांभाळलं जातं' म्हणून हाकलतं. माझ्या सगळ्या स्क्रिप्ट झोपल्या होत्या.

रंकाळाकाठ
तिथं निदान तोंडावर नाही म्हणतं. एपीटी गुपचूप स्नॅप आणतं, ते मलाही पटत नाही, हे आधीच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

उद्यमनगरकर
शिरोली नाका, तुमच्या पद्धतीनं 14 ही मशीन्सवर केलं, चलन निघालं. आणि आणखी एक: ऑफिसात एपीटीचा कॅशे आहे, एकदा उतरवलेलं सगळ्यांना पुरतं. स्नॅप त्यात येत नव्हतं, प्रत्येक मशीन आपापलं ओढत होतं. दुपारी इंटरनेटची लाइन बसायची ती का, ते आता कळलं.

खासबागचा पैलवान
माझं पण झालं. लॉगआउट करून परत आलो तर इनस्क्रिप्ट सुरू. एवढंच करायचं व्हतं. कुणाला सांगू नका.

रंकाळाकाठ
ठीक. दहा मिनिटं नाही, अर्धा तास धरा. आणि दऱ्या दुरुस्त केल्यात. दुसरीकडून कॉपी करून.