मोलारिटीवरून मोल काढताना परमँगनेटची तीव्रता अडीचपट येते

प्रश्न:
कोनिकल फ्लास्कमध्ये ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १० मिली घेतलं. ब्युरेटमधलं पोटॅशियम परमँगनेट ९.८ मिली लागलं, तिन्ही रीडिंग सारखी. ०.०५ × १० = ०.५ मोल, भागिले ९.८, म्हणजे परमँगनेट ०.०५१ मोलर. बाटलीवर ०.०२ लिहिलंय. चूक कुठे आहे?

उत्तर १:
दोन चुका आहेत, त्यातली एक लपलीय. मोलारिटी म्हणजे दर लिटरमागे मोल. मिलीने गुणलंत, म्हणून ते ०.५ मिलिमोल झाले, मोलमध्ये ०.०५ × ०.०१० = ०.०००५. पुढे पुन्हा मिलीनेच भागलंत, म्हणून फरक दिसला नाही. पण याच ०.५ वरून वजन काढून बघा: ०.५ × १२६ (ऑक्झॅलिक आम्लाचं मोलर वस्तुमान) = ६३ ग्रॅम, तेही १० मिलीत! खरं वजन ६३ मिलिग्रॅम.

दुसरी चूक प्रमाणाची. २ मोल परमँगनेटला ५ मोल ऑक्झॅलिक आम्ल लागतं. ०.५ × २/५ = ०.२ मिलिमोल, ०.२ ÷ ९.८ = ०.०२०४ मोलर. बाटली बरोबर आहे.

उत्तर २:
२:५ पाठ करू नका, इलेक्ट्रॉन मोजा. मँगनीज +७ वरून +२ वर येतं, म्हणजे ५ घेतं. ऑक्झॅलेटमधले दोन्ही कार्बन +३ वरून +४ वर जातात, म्हणजे २ देतं. M₁V₁ = M₂V₂ (M मोलारिटी, V आकारमान) हे सूत्र द्रावण पातळ करण्यासाठी आहे; टायट्रेशनमध्ये ते फक्त १:१ अभिक्रियेलाच चालतं. नॉर्मॅलिटीत (N, म्हणजे इथे मोलारिटी गुणिले दिलेले किंवा घेतलेले इलेक्ट्रॉन) मात्र N₁V₁ = N₂V₂ इथेही चालतं, कारण ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल आणि ०.०२ मोलर परमँगनेट दोन्ही ०.१ नॉर्मल.

उत्तर ३:
तुमचं ९.८ ठीक आहे. पण रीडिंग ७.१ च्या आसपास आलं, तर आधी वजनाची नोंद तपासा. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून मोलर वस्तुमान १२६ धरायचं, ९० नाही. २५० मिली ०.०५ मोलरसाठी ०.०१२५ मोल, म्हणजे १.५७६ ग्रॅम. ९० धरून १.१२५ ग्रॅमच घेतलंत तर द्रावण जेमतेम ०.०३६ मोलरचं होतं.

तपकिरी गढूळपणा आला तर विरल सल्फ्युरिक आम्ल कमी पडलंय किंवा परमँगनेट भराभर सोडलंय. ते रीडिंग सोडून द्या. फ्लास्क ६०–७० अंशांवर गरम हवा, आणि परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटमध्ये वरची कड वाचायची.