मदत हवी आहे: तारापूर प्लांटच्या जवळ घर आहे, वडील अंथरुणाला आहेत, इमर्जन्सीची तयारी नक्की काय करायची?

वाडीतली_लेक

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण इथे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारतेय. माझं माहेर चिंचणीच्या बाजूला, म्हणजे तारापूर अणुऊर्जा केंद्रापासून सरळ रेषेत पाच-सहा किमी असेल. घरी आईबाबा, दादा-वहिनी आणि त्यांचं तान्हं बाळ. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून ते बेडवरच आहेत, उचलायला दोन माणसं लागतात आणि दादा बोईसर एमआयडीसीत शिफ्टला असतो, म्हणजे बऱ्याचदा घरी फक्त आई आणि वहिनी. मी ठाण्याला असते.

आम्ही लहानपणापासून त्या प्लांटच्या शेजारीच वाढलो त्यामुळे भीती वगैरे कधी वाटली नाही, खरं सांगायचं तर आम्हाला एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांच्या स्फोटाचीच जास्त सवय आहे. पण ७ मे २०२५ ला देशभर जे मॉक ड्रिल झालं त्यात तारापूरचं नाव यादीत होतं आणि तेव्हापासून आईच्या डोक्यात बसलंय की खरंच सायरन वाजला तर बाबांना कसं न्यायचं. त्यात २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसतात ते आहेतच. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कुणी म्हणतं आयोडीनचं मीठ खा, कुणी म्हणतं गाडी कायम फुल टाकी ठेवा, एकाने तर बेटाडीन पाण्यात टाकून प्यायला सांगितलं!!

तर प्रश्न असे की (१) सायरन वाजला तर आधी घरात थांबायचं की निघायचं? (२) आयोडीनच्या गोळ्या मेडिकलमधून आणून ठेवाव्यात का, आईला थायरॉईडची गोळी चालू आहे आणि वहिनी बाळाला अंगावर पाजते, (३) बाबांसारख्या पेशंटची नोंद कुठे होते का, (४) निघायचंच झालं तर कुठल्या रस्त्याने. आणि हो आमच्या दोन म्हशी आहेत, बाबांचा पहिला प्रश्न तोच असतो.

कृपया प्लांट हवा की नको यावर वाद नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

कट्ट्यावरचा_बंड्या

ताई उगाच टेन्शन घेताय. १९६९ पासून चालू आहे तो प्लांट, काय झालं? चिकू खा आणि मस्त रहा.

वाडीतली_लेक

बंड्या, चिकू खातेच आहे. काही झालं नाही म्हणूनच शांतपणे विचारता येतंय ना, झाल्यावर कोण धागा काढत बसणार.

जुना_शिफ्टवाला

मी याच क्षेत्रात नोकरी केली, आता रिटायर आहे, कुठल्या प्लांटला ते जाऊ दे. तुमचे प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि लोक हेच विचारत नाहीत.

पहिली गोष्ट, प्लांटमध्ये इमर्जन्सी म्हटलं की लगेच गावाने पळायचं असं नसतं. त्याच्या पायऱ्या आहेत. प्लांट इमर्जन्सी म्हणजे प्लांटपुरती, साइट इमर्जन्सी म्हणजे कुंपणाच्या आतल्या आवारापुरती, आणि परिणाम कुंपणाबाहेर जाईल असं वाटलं तर ऑफसाइट इमर्जन्सी. आतलं सगळं प्लांटचे लोक बघतात, पण ऑफसाइट झाली की सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात जातात, प्लांटचं काम तेव्हा माहिती आणि सल्ला देणं. म्हणजे घरात बसा, गोळ्या घ्या, गाव सोडा हे तुम्हाला कलेक्टरच्या यंत्रणेकडून कळणार, म्हणजे तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील, पोलिसांची गाडी भोंग्यावरून. याचीही रंगीत तालीम होते, साइटची वर्षातून एकदा आणि ऑफसाइटची साधारण दोन वर्षांतून एकदा, गावात एखादं पथक येऊन फिरतं ते तेच.

दुसरी गोष्ट, इमर्जन्सी प्लॅनिंग झोन, म्हणजे ज्या भागासाठी आधीच तयारी ठरवून ठेवतात तो, प्लांटभोवती १६ किमीचा असतो. तुमचं चिंचणी, बोईसर, खाली सातपाटी सगळं त्यात बसतं. पण याचा अर्थ १६ किमीतलं प्रत्येक माणूस हलवणार असा नाही! त्या वर्तुळाच्या कलिंगडासारख्या १६ फोडी पाडलेल्या असतात, आणि वारा ज्या फोडीकडे वाहतोय तिथे आणि आजूबाजूच्या एकदोन फोडीत आधी उपाय होतात. चिंचणी प्लांटच्या उत्तर-ईशान्येला येते, म्हणजे पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा तुमच्याकडेच येणार, आणि हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा असतो तेव्हा चित्र एकदम उलटं. म्हणून जो कुणी तुम्हाला ‘याच रस्त्याने पळा’ असं आजच सांगेल त्याचं ऐकू नका. एवढं मात्र नक्की की तारापूर-बोईसर रस्ता पकडलात तर तुम्ही आधी प्लांटच्याच दिशेने खाली जाणार आणि पुढे एमआयडीसीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणार. तुमच्यासाठी वाणगाव मार्गे पूर्वेला हायवेकडे हा एक आणि वरोरवरून डहाणूकडे हा दुसरा, दोन्ही डोक्यात ठेवा आणि त्या दिवशी जो सांगतील तो घ्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. आधी घरात. निःसंशय घरात. दारं खिडक्या बंद, पंखा एसी एक्झॉस्ट बंद, फटीत ओली फडकी, खाण्यापिण्याचं सगळं झाकून. पक्कं स्लॅबचं घर असेल तर फार चांगलं, कौलारू असेल तर त्यातल्या त्यात मधली खोली. हे काही तासांसाठी, फार तर एकदोन दिवसांसाठी असतं, पुढचं काय ते तोवर कळतं.

वाडीतली_लेक

खूप धन्यवाद काका, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, एका ऑफिसात विचारलं तर तुम्ही पत्रकार आहात का असं विचारलं मला. आमचं जुनं घर कौलारूच आहे पण मागे दादाने डाय बनवायच्या कामासाठी एक स्लॅबची खोली काढलीय, मशिनं आहेत तिथे पण बाबांचा बेड मावेल. पण काका खरं सांगा, निघून जाणंच जास्त सुरक्षित नाही का? सगळे निघाले आणि आपण बाबांना घेऊन मागे राहिलो असं व्हायला नको.

जुना_शिफ्टवाला

याच प्रश्नावर मला थोडं लांब लिहायचं होतं.

जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राचा अपघात बघा. ११ मार्च २०११ च्या रात्री आधी ३ किमी रिकामं करायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी पहाटे १० किमी, संध्याकाळी २० किमी. लोकांनी एकदा घर सोडलं, मग परत, मग परत. आणि तिथल्या हॉस्पिटलमधले, वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले पेशंट बसमध्ये घालून तासन् तास फिरवले, ना डॉक्टर बरोबर ना सलाईन. फुताबा नावाच्या हॉस्पिटलमधले ४० हून जास्त पेशंट त्या धावपळीत आणि नंतर थोड्या दिवसात गेले. रेडिएशनने नाही हो, हलवण्याने! फुकुशिमा प्रांतात पुढच्या काही वर्षात स्थलांतराचे हाल, औषधं तुटणं, थंडी, मनस्ताप यातून गेलेल्यांचा सरकारी आकडा २००० च्या वर आहे, त्यात बहुतेक म्हातारी माणसं. म्हणजे तुमच्या बाबांसारखी.

म्हणून जगभर आता असं मानतात की अंथरुणावरच्या माणसाला घाईने हलवण्यापेक्षा चांगल्या बंद खोलीत थांबवावं आणि ॲम्ब्युलन्स, बरोबर माणूस, पुढे बेड हे सगळं जुळल्यावरच न्यावं. सगळे निघाले म्हणून जीपमध्ये मागे आडवं टाकून निघायचं, हे करू नका. उलट टोकाचं उदाहरण चेर्नोबिलच्या अपघाताचं, प्लांटशेजारच्या प्रिप्यात शहरात लोकांना काही सांगितलंच नाही, साधारण ३६ तासांनी एकदम बसेस लावल्या, पोरं तोवर बाहेर खेळत होती. तिथे घरात बसा एवढं जरी वेळेत सांगितलं असतं तरी बराच फरक पडला असता.

डॉ_साधीगोळी

गोळ्यांबद्दल मी लिहिते.

मीठ: आपल्या आयोडीनयुक्त मिठात घरापर्यंत पोचताना किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. किरणोत्सारी आयोडीनला जागाच उरू नये म्हणून मोठ्या माणसाचं थायरॉईड साध्या आयोडीनने भरून टाकायला एका डोसात १०० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे सहा किलोच्या वर मीठ, त्याने माणूस रेडिएशनच्या आधीच जाईल. २०११ ला चीनमध्ये लोकांनी मिठासाठी दुकानं रिकामी केली होती, उपयोग शून्य. आणि बेटाडीन पिणं तर सरळ विषबाधा, त्या ग्रुपवर ठणकावून सांगा.

खरी गोळी म्हणजे पोटॅशियम आयोडाइड, मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, किंवा पोटॅशियम आयोडेट, १७० मिलिग्रॅम. ती फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून आणि फक्त थायरॉईडला वाचवते, सिझियमसारख्या बाकीच्या किरणोत्सारी पदार्थांवर काहीही उपयोग नाही. वेळेला फार महत्त्व आहे, संपर्काच्या आधी काही तास किंवा नंतर लगेच, आठ तास उलटले तरी थोडा फायदा, त्यानंतर मात्र फारसा अर्थ नाही. म्हणून आदेश आल्यावरच घ्यायची, भीतीने आधीच आठवडाभर रोज घेऊ नये. साठा प्रशासनाकडे आणि आरोग्य यंत्रणेकडे असतो, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा की आमच्या गावाचा साठा कुठे आहे आणि कोण वाटणार, आशाताईंना तर नक्की विचारा.

कुणाला आधी: बाळ, वहिनी, त्या खालोखाल दादा. लहान बाळाचा डोस मोठ्यांच्या चौथ्या-आठव्या हिश्श्याएवढा असतो, महिन्याच्या आतलं की वरचं यावर ठरतं, तो घरी तुकडे करून ठरवू नका. चाळिशीनंतर या गोळीचा फायदा कमी आणि त्रासाची शक्यता जास्त, त्यामुळे आईबाबा शेवटी. आईंना गोळी नेमकी कशासाठी चालू आहे, गाठी वगैरे आहेत का, हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून फाइलवर लिहून घ्या.

ल्योंकर

फ्रान्समधून, अनुभव म्हणून लिहितो. आम्ही ल्योंच्या पूर्वेला बुजे प्लांटच्या २० किमीच्या आत राहतो, इथे घरी पत्र आलं, ते फार्मसीत दाखवलं की गोळ्या फुकट, ६५ मिलिग्रॅमच्या, मोठ्यांना दोन. किचनच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. आणि दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला सायरन टेस्ट होते त्यामुळे कुणी दचकत नाही, तो आवाज ओळखीचा होऊन गेलाय. तुमच्याकडे एमआयडीसीचा भोंगा आणि प्लांटचा सायरन यातला फरक गावाला माहीत आहे का? नसेल तर ग्रामसभेत पहिला विषय हाच घ्या असं मला वाटतं.

वाडीतली_लेक

बरोबर बोललात, फरक कुणालाच माहीत नाही. दुपारी भोंगा झाला की आम्ही म्हणतो शिफ्ट सुटली.

डहाणूचा_पक्या

ताई मी शेजारचाच, आमच्याकडे भूकंपाच्या वेळी जे शिकलो ते सांगतो, सगळं उपयोगी पडेल असं नाही.

मोबाईल नेटवर्क पहिल्या दहा मिनिटात जाम होतं, फोन लावत बसू नका, एसएमएस जातो. एनडीएमएचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अॅप दादाच्या आणि वहिनीच्या फोनवर टाका. सेलवाला छोटा रेडिओ घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती कंट्रोल रूमचा नंबर १०७७, ॲम्ब्युलन्स १०८, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात, कारण अशा वेळी वहिनीला फोनमध्ये शोधायला सुचणार नाही. बाबांची औषधं, डायपर, डॉक्टरची फाइल, सगळ्यांची आधार कार्डं एका पिशवीत.

आणि नोंदीचं. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा २००५ च्या कायद्याने करावाच लागतो, पण त्यात तुमचे बाबा आपोआप येत नाहीत. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, की आमच्या घरात बेडवरचा पेशंट आहे, दोन माणसं आणि स्ट्रेचर लागेल, घराची खूण अमुक. प्रत तलाठ्याला, प्रत आरोग्य केंद्राला, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि एकट्याचा देऊ नका, गावात असे आणखी चार जण असतीलच, डायलिसिसवाले, गरोदर बायका, समुद्रावर गेलेल्या बोटी, त्या बोटवाल्यांना तर कुणी कळवणार की नाही हाही मुद्दा घाला.

वाडीतली_लेक

हे बेस्ट आहे पक्या दादा. बोटींचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या शेजारी दोन घरं मच्छीमारांचीच आहेत. या शनिवारी जातेय गावी, सरपंचबाईंना भेटते आणि आशाताईंना घेऊन यादीच करते.

एकच राहिलं, दादा बाहेरून शिफ्टवरून घरी आला तर त्याला आत घ्यायचं ना? वहिनीला ती भीती आहे, बाळामुळे.

डॉ_साधीगोळी

घ्यायचं हो, तो काही संसर्ग नाही. दारातच वरचे कपडे आणि चपला काढून पिशवीत बांधून बाहेर ठेवायच्या, तेवढ्यानेच अंगावरची बहुतेक धूळ जाते, मग साबण लावून साधी आंघोळ, घासून कातडं सोलायचं नाही, केसांना कंडिशनर लावायचा नाही कारण तो धूळ धरून ठेवतो. मग खुशाल बाळ घेऊ दे.

जुना_शिफ्टवाला

आणि बाबांच्या प्रश्नाचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून देतो. म्हशी गोठ्यात, बाहेर चरायला नाही, छपराखालची सुकी वैरण आणि झाकलेलं किंवा बोअरचं पाणी. कारण किरणोत्सारी आयोडीन पडतं गवतावर, गवतातून दुधात येतं आणि दुधातून पोरांच्या थायरॉईडमध्ये, चेर्नोबिलला मुलांचं नुकसान मुख्यतः याच वाटेने झालं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, आणि दोनतीन महिन्यांत ते जवळजवळ संपतं, पण तोवर तपासून सांगेपर्यंत ताजं दूध कुणालाच द्यायचं नाही, घरात दूध पावडरचं पाकीट ठेवा. म्हशी सोडून जायची वेळ आली तर दावं सोडायचं की नाही आणि चारा कोण घालणार, हे मात्र तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या, आणि ग्रामपंचायतीच्या त्या अर्जात गुरांचा आकडाही घाला.

वाडीतली_लेक

घालते. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, म्हणाले दोन नाही तीन लिही, रेडकू धरून.