मदत हवी आहे: बिनपंख्याचा फायरवॉल ८४ अंशांवर, दुपारी नेट जातं

अभ्यासिका_अकोला

नमस्कार मंडळी,

अकोल्यात आमची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे, इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर. तिथलं नेटवर्क मीच बघते. मे लागल्यापासून दुपारी तीन ते साडेपाचच्या दरम्यान नेट जातं, थोड्या वेळाने आपोआप येतं आणि पुन्हा जातं. सकाळी आणि रात्री काहीच तक्रार नाही. मुलांचे ऑनलाइन सराव पेपर नेमके दुपारीच असतात, म्हणून घाई आहे.

पश्चिमेच्या भिंतीवर, छताला लागून लोखंडी रॅक आहे, काचेच्या दाराचा. आत फायबरचा ओएनटी (फायबरची केबल ज्याला लागते तो कंपनीचा डबा), त्याच्यावर एन१०० प्रोसेसरचा चार पोर्टचा बिनपंख्याचा मिनी पीसी (ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकलंय, तोच आमचा फायरवॉल), आठ पोर्टचा पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा), तळाला छोटा यूपीएस आणि अडॅप्टरांची दाटी. आत एक साधा थर्मामीटर लटकवलाय. जानेवारीत दुपारी तो २४ दाखवायचा तेव्हा प्रोसेसर ५६ वर असायचा. काल रॅकमध्ये ५१ आणि प्रोसेसर ८४! बाहेर ४५ होतं.

पंखा मुद्दाम नकोय. जवळच जिनिंग आहे. आधीच्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर हंगामात कापसाच्या तंतूंचा इतका जाड थर बसायचा की पातं दिसायचं नाही.

तर विचारायचं हे, की ८४ धोक्याचं आहे का आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधला लेप) बदलू का? पंख्याशिवाय रॅक थंड कसा ठेवायचा? आणि हॉलमधल्या कूलरची हवा थेट रॅककडे वळवली तर चालेल का? दमट हवेची भीती वाटते.

सीरियल_कन्सोल

ताई, पेस्टला हात लावू नका. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. जानेवारीत प्रोसेसर आणि रॅकमधली हवा यांत ३२ अंशांचा फरक होता, आता ३३ आहे. म्हणजे पेस्ट आणि हीटसिंक आपलं काम पूर्वीसारखंच करताहेत, हवाच २७ अंशांनी तापली आहे. पेस्ट सुकली असती तर हा फरक वाढला असता. बिनपंख्याच्या उपकरणाचं नुसतं तापमान बघू नका, भोवतालच्या हवेशी असलेला फरक लिहून ठेवत जा.

एन१०० ची मर्यादा १०५ अंश आहे. तिच्याजवळ गेल्यावर तो आधी वेग कमी करतो. त्याने नेट मंदावेल, पण असं जाऊन-येऊन करणार नाही. तरी ओपीएनसेन्सच्या डॅशबोर्डवर अपटाइम (तो बंद न पडता किती वेळ चालू आहे) बघा. दुपारनंतरही तो अखंड दिसला, तर मिनी पीसी निर्दोष.

माझा संशय ओएनटीवर आहे. घरगुती ओएनटी आणि राउटर बहुधा भोवतालच्या ० ते ४० अंश तापमानासाठीच बनवलेले असतात. तुमचा ५१ अंशांत आहे, वर तापलेला मिनी पीसी. तो आपलं तापमान कुठे दाखवत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नेट गेलं की लगेच लॅपटॉपवरून फायरवॉलच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतोय का कळेल, आणि ओएनटीचे दिवे बघा. सगळे विझून पुन्हा लागले तर तो रीस्टार्ट होतोय. मग पहिल्यांदा त्याचा अडॅप्टर बदलून बघा, कारण उष्णतेत अडॅप्टरही दम सोडतात. फक्त पॉनचा, म्हणजे फायबरच्या सिग्नलचा, दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी.

नागपुरी_केबल

वरच्या मजल्याचा स्लॅब म्हणजे दुपारभर तापून संध्याकाळपर्यंत ओकणारा तवा. त्यात पश्चिमेची भिंत. तुमची वेळ बरोबर जुळते. रॅक आतल्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर आणा. खोलीतली गरम हवा वरच साचते, त्यामुळे नुसता खाली आणल्यानेही फरक पडतो.

यूपीएस मात्र आजच बाहेर काढा. तो स्वतः उष्णता देतो आणि शिवाय त्यातली लेड ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या हिशोबाची असते. त्यावर साधारण दर दहा अंशांना तिचं आयुष्य अर्ध्यावर येतं. काचेचं दार काढून जाळीचं लावा. मिनी पीसीवर काही ठेवू नका, फिन्स (वरच्या धातूच्या पट्ट्या) उभ्या राहतील असा भिंतीला लावा, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून सरळ वर जाईल.

कूलरचा झोत थेट रॅकवर नको. उपकरण हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्यावर दव धरत नाही, ती भीती सोडा. पण झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. कूलरने हॉल थंड राहिला की पुरे, समोरची खिडकी तेवढी उघडी हवी.

अभ्यासिका_अकोला

दोघांचे मनापासून आभार. आज साडेतीनला नेट गेलं तेव्हा फायरवॉलला पिंग सुरळीत होतं, अपटाइमही अखंड. ओएनटीचे दिवे मात्र सगळे विझून परत लागले. दुसरा अडॅप्टर लावला, तरी चारच्या सुमारास पुन्हा तेच. मग ओएनटी रॅकबाहेर काढून आतल्या भिंतीवर उभा लावला. यूपीएसही बाहेर टेबलाखाली ठेवला. त्यानंतर सहापर्यंत नेट एकदाही गेलं नाही. पाचला रॅकमध्ये ४६ आणि प्रोसेसर ७८ होता.

रॅक रविवारी हलवते. एकच विचारायचं राहिलं: मिनी पीसीतला एनव्हीएमई एसएसडी (साठवणीची डिस्क) आत्ता ६६ दाखवतोय. चालेल?

सीरियल_कन्सोल

७८ वजा ४६, पुन्हा ३२. छान. साध्या एनव्हीएमई एसएसडीची मर्यादा बहुधा ७० असते, त्यामुळे ६६ म्हणजे काठावर. रॅक हलवताना मिनी पीसीचं खालचं झाकण उघडा आणि एसएसडी व झाकण यांच्यामध्ये थर्मल पॅड आहे का बघा. नसेल तर फट मोजून तेवढ्या जाडीचा बसवा. ओपीएनसेन्समध्ये प्रत्येक कनेक्शनचा लॉग लिहिला जात असेल तर तोही कमी करा, एसएसडीवरचं लिखाण घटेल. आणि ओएनटीच्या पिवळ्या फायबर केबलला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका.